गुण्या कुठे आहे?

ती. सौ. अक्कास,

गुणाजीचा मुलुंडहून वाकून नमस्कार. (वाकताना कंबर कुरकुरली, पण ते सुतारकामाचं दुखणं आहे, वयाचं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल तू गुडघ्याला लावतेस की गायीच्या शिंगांना, ते खरं कळव. भाऊजी परवा फोनवर म्हणाले की गायीची शिंगं हल्ली भलतीच चमकायला लागलीत. शेजारच्या अंजनाबाईंशी अबोला संपला का, की अजून दोघी मांजराशी बोलण्याच्या निमित्ताने एकमेकींना ऐकवता? इकडे सुयोग, दीप्ती आणि नात मजेत आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. मागच्या वेळी मी 'सुतारकाम शिकतोय' म्हणालो, त्याचं तू 'सुतक आहे' केलंस आणि वाडीत घरोघर विचारत फिरलीस की कोण गेलं म्हणून.

मुलाकडे राहायला आल्यापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती सांगितल्याशिवाय पुढचं तुला कळणार नाही. इथे मला नाव नाही. सुयोग आणि दीप्ती 'बाबा' म्हणतात, नात 'आजोबा', वॉचमन 'अंकल', आणि सोसायटीच्या सभेत मी 'बी विंग, नऊशे चार' असतो. घाटकोपरच्या वाहतूक कंपनीत बिलं करत होतो तेव्हा निदान 'परब' तरी होतो. रेवती होती तोवर 'अहो' होतं. ते काही नाव नव्हे, मान्य, पण ते फक्त माझ्यासाठी होतं. ती गेल्यापासून तेही गेलं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, तुला म्हणून सांगतो. तेव्हा ठरवलं, चार माणसांत जायचं. आणि जायला लागल्यावर मला एक वेगळाच नाद लागला, नवख्या माणसाला कुठली मंडळी कशी वागवतात ते बघत राहायचं. हास्यक्लबात नाव विचारायच्या आधीच हसायला लावलं. (कशाला हसायचं ते विचारलं, तर त्यालाही हसले.) भजनी मंडळात गाव विचारलं, मग वाडी, मग घर, आणि घर कळल्यावर बुवांच्या मामांचा नि आपल्या आजोबांचा विहिरीवरून झालेला जुना तंटा निघाला. मला टाळ दिला, पण जोडीतला एकच. बागेत बुद्धिबळ खेळणाऱ्यांशेजारी आठवडाभर बसलो, तेव्हा कुठे एकाने मान वर केली आणि मला जरा सरकायला सांगितलं, उजेड अडत होता म्हणून.

मग दीप्तीने मोबाइलवर आलेली एक जाहिरात दाखवली. हौशी सुतार मंडळ, दर शनिवारी, इंडस्ट्रियल इस्टेटमधला तळमजल्याचा गाळा, नवख्यांचं मनापासून स्वागत. मी आयुष्यात करवत धरलेली नाही हे तुला ठाऊक आहे. (बाबांनी गिरणीतून आल्यावर देव्हाऱ्याला फळी मारायला सांगितली होती, तेव्हा मी देवच खाली बसवले होते.) पण मला कुतूहल वाटलं की आठवडाभर एसीत बसणारी माणसं सुट्टीच्या दिवशी आपणहून घाम गाळायला का जातात, आणि 'मनापासून' म्हणजे नक्की काय करतात. म्हणून गेलो. दारात अल्पेश भेटला. बाथरूमच्या फरशा विकतो, मंडळाचं सगळं तोच बघतो. त्याला नाव सांगितलं, 'गुणाजी परब'. तो 'हां हां, या ना काका, बिनधास्त' म्हणाला आणि कोणाचं तरी कपाट पडत होतं ते धरायला पळाला. मी माझी कापडी पिशवी भिंतीवरच्या एका खिळ्याला अडकवली आणि स्टुलावर बसून बघायला लागलो.

बसतोय न बसतोय तोच कोपऱ्यातून एक बाई ओरडली, 'गुण्या कुठे आहे?' अक्का, मी चपापलो. आयुष्यात मला कोणी गुण्या म्हटलेलं नाही. आणि ही बाई (डॉक्टर कल्पिता, दातांची डॉक्टर, मला नंतर कळलं) माझ्या सुनेच्या वयाची, ओळख ना पाळख. पहिल्या क्षणी रागच आला. दुसऱ्या क्षणी मात्र असं वाटलं की कोणीतरी पाठीवर हात ठेवला. उठलो, तिच्यापाशी गेलो आणि हात मागे बांधून हसत उभा राहिलो. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्या हातातल्या अर्धवट लाकडी पेटीकडे बघतोय. शेवटी तिने विचारलं, 'बरोबर वाटतोय ना कोपरा?' मी वाकून एक डोळा मिटला (एक डोळा मिटल्याशिवाय लाकूड बघायचं नसतं, एवढं मला माहीत होतं) आणि 'झकास' म्हणालो. तिने लगेच गोंद लावून टाकला. तेवढ्यात पलीकडून अल्पेश, 'अरे गुण्या दे ना यार कोणीतरी!' मी तिकडे गेलो आणि 'आलो ना' म्हणालो. तो जरा गोंधळला, मग बाजूला सरकला आणि आपली फळी मला दाखवायला लागला. त्यालाही झकास म्हणालो. घरी येताना मी रिक्षा न करता चालत आलो, इतका खूश होतो.

पुढच्या शनिवारी तर कमालच झाली. मंडळाचे संस्थापक भीमराजसर हे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, आवाज शाळेच्या घंटेएवढा. काम सुरू करायच्या आधी ते सगळ्यांना दटावून सांगतात की गुण्याला विचारल्याशिवाय कोणी गोंदाला हात लावायचा नाही, गुण्याचा शब्द शेवटचा. मी खाली मान घालून ऐकत होतो, डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि भिंतीवर चक्क पाटी होती: 'गुण्या जागेवर ठेवा. गुण्याला आपटू नका. काम संपल्यावर पुसून तेलाचा हात द्या.' मला शंका आली नाही असं समजू नकोस. पाटी जुनी होती, मी नवा होतो. पण मी विचार केला की माझ्याआधी इथे कोणी एक गुण्या असावा, सगळ्यांचा लाडका, आणि तो गेल्यावर हे नाव आता गादीसारखं चालत असावं. जागेवर ठेवा म्हणतात तर आपण स्टूल सोडायचं नाही, एवढं मी पाळलं. तेलाचं मात्र मला पटत नव्हतं. तरी त्या संध्याकाळी जरा रेंगाळलो, न जाणो. कोणी आलं नाही, तेव्हा वाटलं की नवख्याला तेल पहिल्या महिन्यात देत नसतील.

इकडे त्यांचं काय चाललं होतं ते मला फार नंतर कळलं. हाका मारल्या की हे गृहस्थ रिकाम्या हाताने येतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात, यावरून त्यांनी ठरवलं की हा कोणी पोचलेला माणूस आहे, नुसत्या नजरेने काटकोन ओळखतो. कल्पिताने तर एकदा घाबरत विचारलं होतं की तुम्हाला काही मोजायला लागत नाही का, आणि मी नम्रपणे म्हणालो होतो की माणूस जवळ असला की पुरे. हे वाक्य त्या लोकांनी फळ्यावर लिहून ठेवलं, अक्का.

अशात मंडळाने बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी एक बाक करायला घेतला. पाय, फळ्या, पाठ, सगळं वेगवेगळ्या हातांनी झालं आणि प्रत्येक सांधा माझ्या डोळ्याखालून गेला. मी सगळ्यालाच झकास म्हणालो, कारण मला ते सगळं खरंच झकास दिसत होतं. बाक उभा केला, भीमराजसर मानाने पहिले बसले, आणि बाक डावीकडे झुकून पाळण्यासारखा परत आला. सर उठले. पुन्हा बसले. मग त्यांनी शाळेतला आवाज काढला, 'गुण्या आहे कुठे?' मी पुढे झालो. 'इथेच आहे, सर.' ते म्हणाले, 'तुम्ही नाही हो, गुण्या.' मी म्हणालो, 'मीच गुण्या.' गाळ्यातली एकूण एक करवत थांबली. अल्पेश हळूच म्हणाला, 'काका, गुण्या म्हणजे ते लोखंडी... काटकोन बघायचं. महिन्यापासून सापडत नाय ना ते.' तेवढ्यात कल्पिताने मला स्टुलावर नीट टेकून बसता यावं म्हणून मागच्या खिळ्यावरची माझी पिशवी काढली. पिशवीखाली तो लटकत होता. वीतभर पट्टी, तिला काटकोनात दुसरी पट्टी, बस्स. माझं नाव घेऊन बसलेला लोखंडाचा तुकडा. आणि दर शनिवारी त्याच्यावर मीच पिशवी अडकवत होतो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला आधी लाज वाटली, मग त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण इतक्या हाका मारल्या त्यातली एकही मला नव्हती. मी पिशवी घेतली, 'बाकाचं बघा' असं काहीतरी पुटपुटलो आणि दाराकडे निघालो. अल्पेश आडवा आला. म्हणाला, 'किधर चले? हा पाय धरा ना जरा, मी एकट्याने कापला तर अजून वाट लागेल.' बाकाचा पाय पुढे आला, मी पिशवी खाली ठेवून धरला. मग दुसरा पाय धरला. डावा कापला की उजवा लांब व्हायचा आणि उजवा कापला की डावा, असं करत संध्याकाळपर्यंत बाकाचा पाट झाला. (बागेने तो घेतला नाही. आता नवीन येणाऱ्याला आम्ही त्यावर बसवतो. ज्याला उठताना हात द्यावा लागतो त्याच्याशी ओळख लवकर होते.) त्या धराधरीत मला माझ्या कुतूहलाचं उत्तर मिळालं. या लोकांना स्वागत वगैरे काही करता येत नाही. नाव विचारायचं ते विसरतात, चहा द्यायचा तो गार देतात. ते फक्त 'हे जरा धरा' म्हणतात, आणि माणसाने एकदा दुसरं टोक धरलं की तो निघून जाऊ शकत नाही, कारण फळी पडते. हास्यक्लबाला हे कळवावं की काय या विचारात आहे.

आणि दिवे मालवताना भीमराजसर म्हणाले की एका गाळ्यात दोन गुण्ये नकोत, घोटाळा होतो. म्हणून लोखंडी गुण्याला आता सगळे 'काटकोन्या' म्हणतात. पाटीवरही सरांनी स्वतः अक्षरं खोडून तसं रंगवलं. गुण्या म्हणजे मी. आज कल्पिताने हाक मारली तेव्हा मी सवयीने विचारलं, 'मी की तो?' ती म्हणाली, 'तुम्हीच हो, चहा गार होतोय.'

भाऊजींना नमस्कार, वासराला माझ्या वाटचा गूळ, आणि तुला जपून चालायची विनंती.

तुझा धाकटा भाऊ,
गुणाजी

ता. क. तुझ्या गोठ्यामागे वादळात पडलेला फणस अजून तसाच आहे ना? मंडळाला फणसाचं लाकूड हवंय आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आमची अक्का देईल. मे महिन्यात येतोय. आम्ही चौघंच. कल्पिता मासे खाते, सरांना काटे काढून दिले तर चालतात, अल्पेश कांदा-लसूण खात नाही, त्याला घावणे आणि नारळाचा रस कर.

आणखी एक. फणस नाही मिळाला तरी चालेल, पण हे ऐक. त्या बाकाच्या दिवशी कल्पिताने मला विचारलं, घरीही तुम्हाला गुण्याच म्हणतात का, आणि मी हो म्हणून बसलो. तेव्हा मला दुसरं काही बोलवलं नाही. तर ही मंडळी तिथे असेपर्यंत चारचौघांत मला 'रडक्या' म्हणून हाक मारू नकोस. गुण्या म्हण. भाऊजींनाही बजावून ठेव.

शेवटचं. टेम्पो फणस घेऊन निघाला की ते तिघं त्यातून जातील, मी दोन दिवस मागे राहणार आहे. तेव्हा मात्र रडक्याच म्हण. लहानपणापासून तसं म्हणत आलेली आता तू एकटीच उरली आहेस.