बाळंतपणासाठी बार्बेक्यू

५ जानेवारी १९६९, रविवार
सूनबाईंचं, वच्छलाचं, पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे माहेरी, उमरेडला. मला ती इथेच, नागपुरात हवी. रामदासपेठेतून धंतोलीचा दवाखाना पाच मिनिटांवर. शिवाय या घरात तान्हं मूल रडल्याला सव्वीस वर्षं झाली. पुढच्या रविवारी तिची आई, रुखमाबाई, न्यायला येताहेत. त्यांना वाटतं, मला इंग्रजीशिवाय काही येत नाही. म्हणून अंगणात बार्बेक्यू, निखाऱ्यांवर भाजलेली कोंबडी! मी किती सावध बाई आहे ते दिसेलच, मग लेकीला इथेच ठेवतील.

७ जानेवारी
लोहाराकडून शेगडी आली. नियम लिहून भिंतीला लावले. शेगडी उघड्यावर. रॉकेल नाही. नायलॉन नाही. पाण्याची आणि वाळूची बादली जवळ. वच्छला दहा पावलं लांब. कॉन्व्हेंटच्या कॅम्पमध्ये शेकोटी माझ्याकडेच असायची. म्हणजे, गाणी माझ्याकडे. पण बसायची शेकोटीशेजारीच.

१० जानेवारी
यांनी विचारलं, कोंबडी आधी घरातच शिजवून घेतली तर? मी भिंतीवरचे नियम दाखवले.

१२ जानेवारी, सकाळी ९
अंगणात ऊन डोळ्यांवर येतं. शेगडी पोर्चमध्ये घेतली. तीन बाजू उघड्याच आहेत. सुती साडी इस्त्रीला गेलीय, निळं नायलॉन नेसले. पदर खोचला की झालं. वाळू मिळाली नाही. जिरॅनियमच्या कुंड्या ठेवल्या.

११.३०
रुखमाबाई आल्या. कोळसे पेटेनात. रॉकेल, फक्त एक झाकण.

दुपारी ४
दुसरं झाकण नको होतं. भडका उडाला, पदर पेटला. "ईनबाई, हलू नका!" म्हणत विहीणबाईंनी, रुखमाबाईंनी, अख्खी बादली माझ्यावर ओतली. बादली ठेवण्याचा माझा निर्णय किती योग्य होता! मनगटाला एक फोड, बाकी काही नाही. पोर्चचं छत काळं. कोंबडी वरून कोळसा, आतून कच्ची.
मग रुखमाबाईंनी मागे मोकळ्यावर गोवऱ्या रचून कणकेचे रोडगे भाजले, वांगी भाजली. "काहून वं ईनबाई, इस्तवाजवळ लग्नातली साडी नेसून काहून बसल्या?" मी सभ्यतेखातर चार रोडगे खाल्ले.

संध्याकाळी ६
वच्छला बॅग भरेना. रडत आईला म्हणाली, "मी येत नाही. सासूबाईंना असं एकटं कसं सोडू?" माझे डोळे भरून आले. रुखमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. यांना म्हणाल्या, "भाऊ, पोरीले नेत नाही. पण या दोघींले सोडून जात बी नाही. मीच राहतो इथं."

१३ जानेवारी
योजना पूर्ण यशस्वी. बाळंतपण नागपुरात! रुखमाबाईंनी सकाळीच काडेपेटी कमरेला खोचली. चहा हवा असला की मले सांगत जा, म्हणाल्या. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मिळाला. चांगला होता.