शेजारची सीट

४ जानेवारी

आज शिकणारीने शिकवणारीलाच झापलं! सिस्टर, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या माझ्या सकाळच्या बॅचमधल्या निवृत्त हेडनर्स. वय सहासष्ट, जीभ पंचविशीतली. चौकाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि म्हणाल्या, "तुझा पाय जरा उचल बघू. मी दाबायच्या आत तूच ब्रेक दाबतेस. मग गाडी चालवतंय कोण, तू की मी?"

माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, शिकवणाऱ्याचा. बावीस वर्षं त्यावर पाय ठेवून बसलेय. रागच आला आधी. मग सरळ मांडी घालून बसले. सिस्टरनी सिग्नलला गाडी इतकी अलगद थांबवली की मलाच कळलं नाही. वर विचारतात, "आणि तू कधी चालवतेस गं?"

गाडी धुवायला नेते तेव्हा. हे काय सांगायचं?

५ जानेवारी

बसमध्ये उभ्या उभ्या पाय जमिनीत दाबत होते. शेजारची बाई म्हणाली, "पायात गोळा आला का हो?"

९ जानेवारी

लांब पल्ल्याच्या बसकंपनीची जाहिरात. ड्रायव्हर हवेत, स्त्रियाही चालतील, वय पन्नासपर्यंत. मी सत्तेचाळीस! पेपर माझ्या टेबलावर होता, नेमकं तेच पान वर. बाबांना वाचून झाला की घडी घालायचा कंटाळा.

जड वाहनाचं लायसन्स चोविसाव्या वर्षी काढलं होतं. दर वेळी न चुकता नवं करून आणते. वापरलं कधीच नाही.

१० जानेवारी

इथे तरी खरं लिहिते.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी: मी पंचवीसची असताना याच कामासाठी चाचणीला बोलावलं होतं. चाचणी अठरा तारखेला, पत्र आलं एकोणीसला. पोस्टाचा घोळ! मुलीचं नशीब!

थापा. पत्र बाराला आलं होतं. संध्याकाळी घरी आले तर टेबलावर पडलेलं. तेराला मी मुद्दाम डेपोपर्यंत जाऊन आले. फाटकातून एक भलीमोठी बस वळून बाहेर आली, आणि मी तिथूनच मागे फिरले. हे माझ्या हातून व्हायचं नाही. पत्र नकाशांच्या पुस्तकात दडपलं आणि एकोणीसला तोंड पाडून घरात दाखवलं.

बाबा गल्लीभर पोस्टाच्या नावाने खडे फोडत फिरले. तक्रारही लिहायला बसले होते. मग "जाऊ दे" म्हणून कागद फाडला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पत्र टेबलावर ठेवलं असेल आईने. तिने कधी विचारलं नाही, मी विषय काढला नाही. आता आईही नाही.

लाज वाटते. न गेल्याची वाटते, त्याहून जास्त बाबांना खोटं बोलायला लावल्याची.

११ जानेवारी

अर्ज टाकला. टाकलाच!

१५ जानेवारी

स्कूलच्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, सुखाचा जीव दुःखात कशाला घालता?" आणि वर, "तुमच्यासारखी शिकवणारी मला कुठून मिळायची?" बावीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, तेही मी निघाले म्हटल्यावर.

बाबांनाही सांगितलं. आठवड्यातले तीन दिवस बाहेर राहावं लागेल म्हटलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले आणि शब्दकोडं सोडवायला बसले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, स्वतःचं सगळं स्वतः करतो. मीच उगीच त्यांचं निमित्त करून बसले होते इतकी वर्षं.

२२ जानेवारी

सिस्टर पास! लायसन्स हातात घेऊन लहान मुलीसारख्या हसत होत्या. म्हणाल्या, "आता तुझी पाळी."

२ फेब्रुवारी

चाचणी. हसू आवरत नाही, आधी तेच लिहिते. परीक्षकांनी नाव पुकारलं. मी ताठ मानेने बसमध्ये चढले आणि थेट ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले! बेल्टही लावला. परीक्षक दारात उभे. म्हणाले, "मग मी चालवू का बाई?" मागे रांगेतले सगळे खो खो हसले. मीही हसले. गंमत म्हणजे, हसण्यात सगळी भीती निघून गेली.

मग उठले आणि माझ्या जागेवर बसले. बापरे, केवढं ते स्टिअरिंग! पण आवाज तोच, क्लच तोच, फक्त सगळं मोठं. चढावर थांबवून गाडी उचलली, तसूभर मागे आली नाही. दोन पिंपांमधून रिव्हर्स घेतली. परीक्षकांनी पिंपांपाशी जाऊन वाकून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. "पत्राने कळवू."

पत्रानेच! दुसरं काही सुचलं नाही का यांना?

नाही झालं तरी मी गाडी चालवणार आहे. टेम्पो का होईना. परत शेजारी बसायचं नाही, हे आज नक्की झालं.

१२ फेब्रुवारी

पत्र नाही.

एक ठरवलंय. निकाल काही का लागेना, बाबांना खरं सांगायचं. मनात घोकून ठेवलंय, "बाबा, ते पत्र उशिरा आलं नव्हतं." जमेल. बस उचलली, एवढं एक वाक्य नाही का उचलणार?

१९ फेब्रुवारी

अजून नाही. दोन वेळा बाबांसमोर जाऊन बसले. दोन्ही वेळा त्यांना कोड्यातला शब्द सुचवून उठून आले. शाब्बास!

२१ फेब्रुवारी

निवड झाली! एक तारखेला हजर व्हायचं.

बाबा पाकीट घेऊन फाटकातच उभे होते. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, तेव्हाचं ते पत्र..."

"बाराला आलं होतं," बाबा म्हणाले. "पोस्टमनच्या वहीत सही मीच केली होती. टेबलावरही मीच ठेवलं."

"मग गल्लीभर पोस्टाला का शिव्या घालत होतात?"

"तुला कुणी परत विचारू नये म्हणून." चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "टेबलावर ठेवायला नको होतं मी. म्हणून या वेळी हातात दिलं."