अठरा, पण कशाचे?

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

सिन्नर,
कार्तिक वद्य पंचमी, १९९८

ती. सावळीरामदादांच्या पायांवर धाकट्या लताचं डोकं. चिमणाबाई वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि कपिला गाईला माझ्या नावानं एक भाकरी घालावी. वहिनींचे गुडघे कसे आहेत? निर्गुडीच्या पाल्यानं शेकायला सांगितलं होतं, ते शेकले नसणार हे मला इथं बसून कळतं. तुमचा दमा, चांदवडची थंडी, कांद्याचं रोप, सगळं सविस्तर कळवावं. इकडे आम्ही खुशाल आहोत. (हा शब्द पत्रात लिहावा लागतो म्हणून लिहिला. गिरणी एकवीस दिवस बंद आहे आणि आमच्या लहानू मिस्त्रींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे. बाकी खुशाल.)

आमचं इंजिन तुम्हाला नवं नाही. चौऱ्याहत्तर साली आपले अण्णा विहिरीसाठी आणि माझे मामंजी गिरणीसाठी नाशिकच्या एकाच दुकानात एकाच दिवशी गेले, दोघांनी एकसारखीच इंजिनं घेतली, आणि परतीच्या ट्रकमध्ये त्या दोन इंजिनांच्या मधल्या जागेत बसून माझं लग्न ठरवलं. इंजिनांना वर्षाची हमी होती, मला तीही नव्हती. पण दोघांनी चोवीस वर्षं काढली. वीज दिवसातून कितीदा जाते हे मी पूर्वी वहीत टिपायचे, वही संपली म्हणून नाद सोडला. तेव्हा मोटर नावापुरती, आमचं दळण त्या म्हाताऱ्याच्याच जिवावर, आणि म्हाताऱ्याचा जीव लहानू मिस्त्रींच्या हातात.

मिस्त्रींची रीत तुम्ही पाहिली नसेल. इंजिनाच्या डोक्याला, म्हणजे हेडला, चार मोठे नट आहेत. त्याखालचं पॅकिंग चारपाच वर्षांनी जळतं, मग हेड उतरवून नवं घालायचं आणि नट परत आवळायचे. आवळायचे किती, तिथंच सगळी मेख. ढिले राहिले तर पॅकिंग फुटतं, जास्त झाले तर जुना बोल्ट कटकन तुटतो. मिस्त्री पान्यावर छाती टेकवायचे, डोळे मिटायचे आणि ‘गुरुदेव दत्त’ असं लांबवून म्हणायचे. नाम संपलं की नट थांबला. (मी देवघरात बसून तेच नाम घेते, पण माझं मन गॅसवरच्या दुधाशी. त्यांचं लागलेलं असायचं.)

या खंडेनवमीनंतर हेडखालून पाणी झिरपायला लागलं. भाद्रपदात मिस्त्रींचा धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून ते खचलेच होते, आणि आमच्या यांच्या मनानं घेतलं की त्यांच्या हातातला जोर गेला. त्यात आमचा पुतण्या मनोज, जो अंबडच्या कारखान्यात आहे, म्हणाला, “काका, अंदाजानं कोण आवळतं आता? किती जोर लागला ते काट्यावर दाखवणारा पाना असतो.” दुसऱ्याच रविवारी तो पाना टॉवेलात गुंडाळून आला. बघायला गल्ली लोटली. नव्या सुनेलाही एवढी माणसं येत नाहीत.

आता काटा आला तर आकडा हवा, आणि आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत. ती मामंजींनी लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली होती, ते होते तोवर दर खंडेनवमीला तिलाही हळदकुंकू लागायचं. यांनी देवघर उपसलं. पुस्तिका नाही. मला विचारलं. मी म्हणाले, पुस्तिका कशाला, आकडा मला पाठ आहे, अठरा. गीतेचे अध्याय तितकेच, म्हणून लक्षात राहिला. (मी मॅट्रिक झालेली, तेव्हा आकड्याच्या बाबतीत या घरात मला कुणी उलट विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.)

मिस्त्रींनी पाना लावला. काटा अठरावर आला. ते म्हणाले, “मालक, हे लय ढिलं हाय. आमच्या घरच्या बरणीचं झाकण याच्याहून घट्ट बसतं.”

“लहानू, पुस्तकातला आकडा आहे,” हे म्हणाले. “ तुझ्या नामाला काटा आहे का?”

तेव्हा मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. “पुस्तकातच हाय ना, वहिनी?”

मी हो म्हणाले. त्यांनी हात पुसले. “मंग ऱ्हाऊ द्या,” म्हणाले.

नारळ फोडला, इंजिन चालू झालं, दोन पायल्या बाजरी दळून झाली. मिस्त्री सवयीनं हेडची ऊब बघायला गेले आणि त्याच वेळी पॅकिंग फुटलं. उकळतं पाणी आणि वाफ आडवी आली ती थेट हातावर. मी तुळशीपाशी होते, तिथं आवाज आला. इंजिनाचा की मिस्त्रींचा, ते अजून ठरवता येत नाही. हे घाबरले, आणि घाबरलेली माणसं ओरडतात तसे ओरडले, की हातात जोर नाही तर काम कशाला घेतलंस, पुन्हा गिरणीची पायरी चढू नकोस. चोवीस वर्षं इंजिन सांभाळलेला माणूस भाजली बाही दुसऱ्या हातानं धरून पायरी उतरला. बाजरी ओली झाली म्हणून ज्या बाईनं भांडण काढलं, तिचंच बोलणं त्या दिवशी सगळ्यांनी ऐकून घेतलं.

आता हायवेवरचा एक मेकॅनिक आणला आहे. तो म्हणतो, बोल्ट जुने आहेत, नक्की आकडा मिळाल्याशिवाय मी हात लावणार नाही. चूक मिस्त्रींची की काट्याची हे कुलस्वामिनीला ठाऊक. एकादशीला तिच्यापुढं समई लावून बसले होते, पण तिनं कौल दिला नाही.

थंडीत पहाटे विहिरीवर उघड्या अंगानं जाऊ नका. वहिनींनी माझ्यावर रागवू नये, भाऊबीजेला आले नाही त्याचं कारण वर आलंच आहे.

डोक्यावर पदर आणि दारात बंद गिरणी घेऊन बसलेली,
तुमची लता

ता. क. अण्णांच्या इंजिनाची तीच पुस्तिका तुमच्या फडताळात असेल. हेडच्या नटांचा आकडा बघून कळवा, आणि तो आकडा कशाचा तेही. मनोज काल मला चुलीपाशी गाठून म्हणाला, “काकू, पान्यावर दोन पट्ट्या आहेत. एकीवर फूट-पौंड, दुसरीवर किलो आणि मीटर. दुसरीवरचे अठरा म्हणजे पहिलीवरच्या अठराच्या सात पटींहून जास्त. आपण पहिलीच बघितली. माझं नाव काढू नका, पाना न सांगता आणलाय.” दादा, आयुष्यात मी शेर की किलो लिहिल्याशिवाय वहीत एक आकडा घातला नाही. उत्तर बंद पाकिटात पाठवा. पोस्टकार्ड आलं की हे दारात उभे राहून मोठ्यानं वाचतात, अख्खी गल्ली ऐकते.

ता. क. २. पुस्तिका हरवली नाही. श्रावणात मी देवघर आवरलं. फाटक्या पोथ्या, तडकलेल्या काचेचे देव, आणि उंदरानं कुरतडलेली ती पुस्तिका. हळदकुंकू लागलेली वस्तू रद्दीत कशी घालायची? (घातली असती तर निदान भेळेच्या पुडीवर तरी सापडली असती.) गाठोडं बांधून गोदावरीत सोडायला दिलं. ज्यांच्याकडे दिलं ते भाद्रपदात भावाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर चालले होते. त्यांना वाचता येत नाही, पण तेलाचे डाग ओळखू आले. “वहिनी, हे इंजिनाचं बी सोडायचं?” असं त्यांनी विचारलं होतं. पूजेचं आहे, सोडा, असं मीच म्हणाले. मिस्त्रींनी त्या दिवशी माझ्याकडे का पाहिलं, ते आता तुम्हाला कळलं असेल.

ता. क. ३. पाकिटाला डिंक लावण्याआधी मागच्या बोळात मिस्त्रींच्या घरी शिरा घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं, ठमाबाईनं, पाणी विचारलं नाही. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, नदीचं म्या मालकांना सांगितलं नाय, तुमच्या घरात कटकट नको.” मग बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाले, “पन आकडा अठराच व्हता ना? म्हंजे इतकी वर्सं म्या चुकीचंच आवळत व्हतो का?”  मी उठले, शिऱ्याचं भांडं तिथंच विसरून आले.

तेव्हा दादा, पाकीट नको, पोस्टकार्डच टाका. आकडा लिहा, कशाचा ते लिहा, लताला त्यातलं निम्मंच आठवत होतं हे लिहा, आणि पुस्तिका कुणी बुडवली तेही लिहा. अक्षर ठळक काढा. यांना चष्मा लागला आहे, मध्येच अडखळायला नकोत. दारातून वाचलेलं मिस्त्रींच्या घरापर्यंत ऐकू जातं.