साडेआठची घंटा

८ डिसेंबर, रविवार

एकेचाळीस मिनिटं. म्हणजे हे ठीक आहेत.

सकाळचा चहा झाला की फोनवर ते ॲप उघडायचं आणि काल ह्यांनी किती वेळ गेम खेळला ते बघायचं. ॲप आहे पोरांवर लक्ष ठेवायला. मिनोरीसाठीच घेतलं होतं. एप्रिलमध्ये तिचं हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेचं वर्ष सुरू झालं, तेव्हा गेमचा कन्सोल घरात नकोच म्हणून ह्यांच्याबरोबर त्यांच्या बदलीच्या गावी, पार उत्तरेला कुशिरोला पाठवून दिला. हातात धरूनही खेळता येतो, म्हणून तिथल्या एवढ्याशा खोलीतही चालतो. इथे मात्सुएला टीव्हीखाली त्याचा स्टँड तेवढा उरलाय. मी त्यावरची धूळ पुसते. ॲप मात्र माझ्या फोनमध्येच राहिलं — आता लेकीऐवजी नवऱ्यावर पहारा!

ह्यांची बदली होऊन तिसरं वर्ष. फोन रविवारी येतो. जेवलीस का, थंडी किती, मिनोरी काय करते. तीन मिनिटांत संपतो. त्यापेक्षा ॲप जास्त बोलतं.

१६ डिसेंबर

परवा बावीसच मिनिटं होती. काल फोनवर विचारलं, सर्दी झालीय का? झाली होती. तुला कसं कळलं म्हणाले. आवाजावरून, म्हटलं.

२९ डिसेंबर

हे आले. दोन विमानं बदलून, बर्फातून. बॅगेत सुकवलेले मासे आणि टॉवेलात गुंडाळलेला कन्सोल. मोजे काढायच्या आधी तो स्टँडवर बसवला आणि टीव्हीवर शेत दिसायला लागलं. ते मिनोरीचं शेत. ती अर्धवट सोडून अभ्यासाला बसली, तेव्हापासून रोज पाणी हेच घालतात. वाळायला नको म्हणून.

एवढे भोपळे कशाला लावलेत, मिनोरीने विचारलं. तू परत येईपर्यंत काहीतरी लावायला हवंच ना, म्हणाले.

तिला अर्धा तास खेळू दिलं. सुट्टी आहे, असू दे.

२ जानेवारी

काल लाल अझुकी दाण्यांचं गोड सूप आणि मोची, त्या तांदळाच्या चिकट वड्या, झाल्या, आज शिंपल्यांचं, तिसऱ्यांचं सूप. हे तीन वाट्या प्यायले. तिकडे समुद्र एवढा मोठा, पण आपल्या सरोवरातल्या तिसऱ्यांची चव नाही म्हणाले. एवढं बोलले म्हणजे खूपच झालं.

रात्री जेवण झाल्यावर शेतात शिरले. साडेआठला कन्सोलमधून घंटा वाजली. अर्ध्या वाफ्याला पाणी घालून झालं होतं, अर्धा कोरडा. ह्यांनी तिथेच हात थांबवला, “चला, साडेआठ,” म्हणाले आणि आंघोळीला गेले. पन्नाशीचा माणूस! एकट्याने राहून शिस्त लागली असेल.

४ जानेवारी

गेले. स्टँड रिकामा.

मी कामाला जाते त्या दुकानात मिठाईची खोकी बांधताना सोबतच्या तोमोएबाई म्हणाल्या, तुझं बरं आहे बाई, कोणाचे मोजे उचलायला नकोत. हसले. घरी आले तर कोपऱ्यात ह्यांचा एक मोजा राहिलेला. उचलला नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज फोन सात मिनिटं.

ऑफिसने विचारलंय. कुशिरोलाच राहिलात तर विभागप्रमुख करतो, पण अजून तीन वर्षं. नाहीतर एप्रिलपासून मात्सुएला परत, आपल्या जुन्या टेबलावर, आहे त्याच हुद्द्यावर. दहा फेब्रुवारीच्या आत कळवायचंय.

“तुला काय वाटतं?” हे म्हणाले.

“तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

“बरं.”

फोन ठेवला. मला काय वाटतं? या, असं वाटतं. आजच्या आज या. पण नवऱ्याला बढती मिळत असताना बायकोने मध्ये पडायचं? आईने कधी बाबांना अडवलं नाही. सासूबाईंनी मामंजींना नाही. मग मीही शहाण्यासारखं बोलले. कसलं डोंबलाचं शहाणपण!

२३ जानेवारी

आज लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिनोरी पाठांतर करता करता म्हणाली, आई, बाबांना अजून माझी घंटा वाजते, बिचारे. तुझी कसली घंटा? तर म्हणे, मी सहावीत असताना साडेआठला खेळ बंद म्हणून ॲपमधून तूच लावलीस की! बघितलं. खरंच, तशीच लावलेली. म्हणजे दहा महिने मी माझ्या नवऱ्याला सहावीतल्या पोरीच्या वेळेला झोपवतेय! आणि हा माणूस एका शब्दाने बोलला नाही. काय वाटलं असेल? बायकोने कुलूप घातलं असंच ना?

लगेच काढून टाकली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यांना काही कळवलं नाही. कोणत्या तोंडाने कळवणार?

२४ जानेवारी

काल त्र्याऐंशी मिनिटं. बघा! किती कोंडला होता जीव.

२६ जानेवारी, रविवार

शुक्रवारी शून्य. काल शून्य. फोनवर विचारलं, बरं आहे ना? बरं आहे म्हणाले. काम फार आहे का? नाही. दोन मिनिटं.

कळवलंत का ऑफिसला, हे विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, विचारलंच नाही.

३० जानेवारी

शून्य. सलग सहा दिवस. शेत वाळलं असणार.

२ फेब्रुवारी

दाणे फेकून राक्षस हाकलायचा आजचा दिवस. राक्षस व्हायचं ते घरातल्या बाबांनी. मीच मुखवटा चढवला. मिनोरीने चारच दाणे फेकले, तेही हळू. फोनवर हे म्हणाले, इथेच राहावं असं वाटायला लागलंय. मी हं म्हटलं.

४ फेब्रुवारी

मिनोरीला ह्यांचा मेसेज आला होता. पाच दिवसांपूर्वी! सराव परीक्षेच्या गडबडीत सांगायचं राहिलं म्हणे. आज दाखवला.

“आईने घंटा काढली का? काही नाही, सहज विचारलं.”

मी तो दोनदा वाचला. मिनोरी म्हणाली, आई, काय झालं? काय सांगू? बाहेर मायनस दहा, खोलीत हा माणूस एकटा. रोज साडेआठला घरून कोणीतरी म्हणतंय, पुरे आता, झोपा. आणि एक दिवस न सांगता तेही म्हणायचं बंद झालं. त्याच आठवड्यात मी सांगते, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

घंटा परत लावली. साडेआठ.

५ फेब्रुवारी

शून्य. कन्सोल उघडलाच नाही तर घंटा वाजणार कुठून? मिनोरीला म्हटलं, बाबांना काहीतरी लिही. तिने लिहिलं — भोपळ्यांना पाणी घाला, परीक्षा झाली की मी बघणार आहे. शहाणी माझी पोर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आठ वाजून एकतीस मिनिटांनी फोन. गुरुवारी!

“घंटा वाजली,” हे म्हणाले.

“हो. मी लावली.”

तिकडे हीटरची घरघर ऐकू येत होती. मी म्हटलं, “अहो, परत या. मला तुम्ही इथे हवे आहात.” एका दमात म्हटलं, नाहीतर परत गिळलं असतं.

“विभागप्रमुख सोडून?”

“सोडून.”

मग म्हणाले, “उद्या कळवतो ऑफिसला.” आणि थोड्या वेळाने, “फुसाए, भोपळे वाळले गं. परत लावतो.”

सूप उतू गेलं. पुसता पुसता रडले. मिनोरीने बघितलं, बघू दे.

७ फेब्रुवारी

अडतीस मिनिटं.

१४ मार्च

मिनोरी पास! तिला हव्या त्याच शाळेत. तोमोएबाईंनी आनंदाच्या दिवशी करतात तो लाल भात पाठवला.

३० मार्च

हे आले, सगळं सामान घेऊन. कन्सोल स्टँडवर. साडेआठला घंटा वाजली तेव्हा मिनोरी म्हणाली, आता मी मोठ्या शाळेत, दहापर्यंत वाढवा. मी फोन शोधत होते. हे म्हणाले, फोन कशाला, इथूनही होतं. आणि कन्सोलवरच कुलपाचे चार आकडे टाकले, न बघता. ते आकडे सुरुवातीला ह्यांनीच ठरवले होते म्हणे.

म्हणजे ती घंटा हे केव्हाही बंद करू शकत होते. दहा महिन्यांत एकदाही केली नाही.