माझं गाव माझ्या अकाउंटवर

शनिवार संध्याकाळ, कोपरखैरणे

दादाला नवीन लॅपटॉप मिळालाय, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवरचं त्याचं अकाउंट तो उद्या डिलीट करणार. पण दोन वर्षं मी त्याच्याच अकाउंटवरून गेम खेळले. गेममध्ये मी वसवलेलं अख्खं गाव त्यात आहे. शेतं, बंदर, बंदरावरचा लाल दिवा. ते सगळं उडणार?

"नवीन सुरू कर ना, त्यात काय," दादा म्हणाला.

"तू तुझं इंजिनिअरिंग परत पहिल्यापासून सुरू कर मग." आई किचनमधून हसली.

मीच सेव्हचं फोल्डर, म्हणजे ज्यात खेळलेलं सगळं साठतं ते, कॉपी करून माझ्या अकाउंटमध्ये टाकलं. गेम उघडला तर काहीच नाही, सगळं रिकामं. दादा मागून म्हणतो, "सांगितलं होतं चिंगे, नाही होत ते." डोकंच फिरलं माझं. नाही होत म्हणजे काय?

परत नीट बघितलं. फोल्डरचं नाव म्हणजे एक लांबलचक नंबर होता, दादाच्या अकाउंटचा. गेम माझ्या नंबरच्या फोल्डरमध्ये शोधत होता आणि मी बावळटासारखं दादाचं फोल्डरच उचलून आणलेलं. मग आतल्या फाइल्स तेवढ्या माझ्या नंबरच्या फोल्डरमध्ये टाकल्या. बंदर आलं. लाल दिवा पण.

दादाला अजून चैन नाही. "गावाच्या पाटीवर मालक म्हणून माझंच नाव आहे बघ."

"असू दे. पासवर्ड माझा आहे."

तेव्हापासून तीनदा विचारून झालं त्याचं. सांगणार नाही. जा, नवीन सुरू कर.