अर्ध्या सिनेमाचे गुण

माय, तू गेलीस त्याला बावीस वर्षं होत आली, आणि तुला काही लिहावं असं आज पहिल्यांदा वाटलं, तेही एका सिनेमामुळं. गेले तीन आठवडे फोन वाजला की मी दचकते. भाजी निवडताना हात थांबतात. घरात सांगितलं असतं तर म्हणाले असते, सिनेमाच तर आहे, त्यात एवढं काय. तू तसं म्हणाली नसतीस.

तुला ठाऊक नसलेलं आधी सांगते. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आलेला माल तपासायचा, पास करायचा नाहीतर परत पाठवायचा. आणि रविवारी पाहिलेल्या सिनेमावर फोनवर चार ओळी लिहून टाकायच्या, हा माझा नाद. लोक वाचतात, भांडतातही. पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली की माझा पारा चढतो. जो नट जास्त रडतो तो यादीत असतोच. ज्यानं पडद्यावर नुसतं वाट पाहत बसून दाखवलं, त्याला कुणी विचारत नाही. हसवणारा सिनेमा तर यादीच्या दारातही उभा राहत नाही. यंदा दोन भावांच्या भांडणावरचा एक सिनेमा सगळीकडं गाजला. मला तो नुसता वरून उडत्या कॅमेऱ्यानं काढलेल्या शेतांचा आल्बम वाटला, आणि मी तसं लिहिलं. याच तोंडाळपणामुळं शहरातल्या एका सिनेमा मंडळानं मला बोलावलं. त्यांच्या महोत्सवात नव्या दिग्दर्शकांसाठी एक पुरस्कार असतो. आलेले सगळे सिनेमे पाहून आम्ही पाच जणांनी गुण द्यायचे, त्यातून पाच नामांकनं. मंडळाचे अध्यक्ष, आम्हा पाचांतलेच एक, निवृत्त प्राध्यापक आहेत. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सामान्य प्रेक्षकाच्या बाजूनं बघा." मला इतका आनंद झाला की मी कपाटातली तुझी निळी साडी नेसून पहिल्या बैठकीला गेले.

तुझं काम मला त्या दिवशी फार आठवलं. टॉकीजच्या बायकांच्या खिडकीत तू बसायचीस. जाळीतून नुसते हात दिसायचे, मेंदीचे, बांगड्यांचे, बुरख्याच्या बाहीतले. "आपा, तीन बालकनी देओ, बच्चा गोद में बैठता," असं कुणी म्हणालं की तू मान वर न करता विचारायचीस, "बच्चा कित्ता बडा हय?" आणि रांग हसायची. तीनचा खेळ सुरू झाला तरी उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी उघडी ठेवावी लागायची, मग उरलेली तिकिटं वर ऑफिसात नेऊन द्यायची, आणि तू आत येईतोवर इंटर्व्हल झालेला असायचा. मी मात्र पहिल्यापासून आत. घरी आल्यावर तू भाकरी थापतेस, मी चुलीशी बसून पहिला अर्धा सांगते, आणि तू मध्येच म्हणतेस, "असं व्हय! म्हणून तो तिच्याकडं बघत नव्हता." अशी आपण दोघी मिळून एक सिनेमा पुरा करायचो.

आणि तो एक रविवार. मी पाचवीत असेन. टॉकीजच्या मागच्या अंगणात मैत्रिणींबरोबर खेळत राहिले आणि आत गेलेच नाही. संध्याकाळी तू विचारलंस तर ठोकून दिलं की हिरोचा धाकटा भाऊ नदीत बुडून मेला. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मग इंटर्व्हलनंतर तो लग्नात जेवत कसा होता?" मी हसले. तू हसली नाहीस. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तू माझ्याकडं बघत राहिलीस. "मला अर्धाच दिसतो," तू म्हणालीस. "पहिला अर्धा तुझ्या तोंडून येतो. तो खोटा देऊ नको. नाय बघितला तर नाय म्हण. त्याला काय लागतं?"

माय, मी परत तसाच खोटा अर्धा दिला.

एकवीस सिनेमे होते, लॅपटॉपवर लिंक उघडून बघायचे. पहिले दहा मी वहीत टिपणं काढत पाहिले. मग कारखान्यात ऑडिट आलं, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि मुदत जवळ आली. एका रविवारी दुपारी फुलंब्रीच्या एका मुलीनं केलेला पहिलाच सिनेमा लावला. गावातून रोज शहरातल्या दवाखान्यात आयाचं काम करायला येणारी बाई. बसचा खडखडाट, डब्यांचे आवाज, कुणाचे फोन, वॉर्डातल्या घंट्या, परत बस. तासभर तेच. नुसता गोंगाट. तेवढ्यात गॅसवाला आला, मग फोन आला, आणि परत बसले तेव्हा मनात म्हटलं, कळला हा सिनेमा. दहापैकी चार गुण लिहिले आणि पुढचा लावला. यादी लागली तेव्हा तो सिनेमा सहावा होता. अगदी थोडक्यात सहावा. माझ्या चारच्या जागी सहा असते तर आत असता.

चौथ्या दिवशी त्या मुलीचा मेसेज आला. तिनं आम्हा पाचही जणांना विचारलं होतं. "मॅडम, तक्रार नाही. पण दुसऱ्या भागात काय कमी पडलं ते सांगाल का? पुढच्या वेळी सुधारीन." मी तो मेसेज कारखान्याच्या बसमध्ये वाचला. घरी येऊन लॅपटॉप उघडला. लिंक बंद झालेली. आता बघून काही बोलायचीही सोय नव्हती. तीन दिवस मी उत्तरं लिहून खोडत होते. "गती थोडी मंद वाटली," हे तर कुठल्याही सिनेमाला चालतं. बोट पाठवायच्या खुणेवर नेलं आणि मागं घेतलं. तिला कळलं तर? मंडळाला कळलं तर? आणि खरं भय वेगळंच होतं. एक सिनेमा असा, तर बाकीच्यांवर मी जे ठणकावून लिहीत आले त्यात खरं किती?

शेवटी अध्यक्ष सरांना फोन केला. ते म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम. सगळेच थोडं पुढं ढकलत बघतात. यादी छापायला गेली." त्यानं माझी धडधड वाढलीच. मग मी तिलाच फोन लावला. स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला.

"मी तुमचा सिनेमा पूर्ण पाहिला नाही," मी म्हटलं. "अर्धा बघून गुण दिले."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"कुठपर्यंत बघितला?"

"ती बाई बसमध्ये डबा विसरते तिथपर्यंत."

"म्हणजे अजून काहीच झालं नव्हतं," ती म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "लॅपटॉपवर नका बघू आता. पडद्यावर बघा. पण दाखवणार कोण?"

यादी बदलली नाही. मी सरांच्या घरी जाऊन बसले, बाकीच्या तिघांना फोन करून जे झालं ते सांगितलं, एकानं चक्क फोन ठेवला. पण एवढं झालं की शेवटच्या दिवशी सकाळी दहाला, स्पर्धेबाहेर, तो सिनेमा दाखवायचं ठरलं. आधी मी माईकवर उभी राहिले आणि का दाखवतोय ते सांगितलं. सभागृहात तीसएक माणसं असतील. खाली उतरले तर त्या मुलीच्या आईशेजारची खुर्ची रिकामी होती, तिथं बसले.

तोच तासभराचा गोंगाट. मग डबा विसरतो. आणि मग, माय, आवाज एकेक करून जायला लागतात. आधी बांगड्या, मग बस, मग वॉर्डातली घंटा. त्या बाईला ऐकू येईनासं होतंय आणि नोकरी जाईल म्हणून ती लपवतेय. आपण तासभर कंटाळून ऐकलेला एकेक आवाज आता ती शोधते, लोकांच्या ओठांवर, भिंतीला हात लावून. शेजारून त्या मुलीच्या आईनं मला हळूच विचारलं, "मशीन बिघडलं का हो?" मी नुसता तिचा हात धरला. ध्वनीचं नामांकन कुणी वाचतही नाही. मला त्या दिवशी ते पहिलं वाचावंसं वाटलं.

बाहेर ती मुलगी भेटली. "आता किती?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नऊ." "एक कुठं गेला?" "डबा विसरतो तिथं थोडा लांबलाय." ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मलाबी तिथं एडिटला झोप यायची."

धडधड अजून पुरती गेलेली नाही. पुढच्या वर्षी बोलावलं तर जायचं की नाही, ठरत नाही. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि तुझा तर पत्ताच नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या सकाळी सभागृहात तुझी आठवण काढायची असं घरून ठरवून निघाले होते. पण सिनेमा सुरू झाला आणि संपेपर्यंत, माय, तू मला एकदाही आठवली नाहीस.