गिरणीमागची काळ्या पायांची माशी

२ मे १९८७, शनिवार
संकल्प: या मोसमात काळ्या पायांची आल्डर माशी शोधायचीच. ओढ्याकाठच्या आल्डरच्या झाडांवर पंख छपरासारखे मिटून बसते ती. गळ टाकणाऱ्यांना वाटतं, जात एकच. जाती तीन: साधी, धुरकट आणि काळ्या पायांची. तिसरी आमच्या जिल्ह्यात आजवर कुणालाच मिळालेली नाही. ज्याला मिळेल त्याचं नाव जिल्हा निसर्ग मंडळाच्या नोंदवहीत कायमचं लागेल. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण एका टेकाडालाही माझं नाव नाही. आता काम होणार.

सिरिल म्हणतो, पोटाचं टोक मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय जात सांगू नये. सिरिलकडे मायक्रोस्कोप आहे. माझ्याकडे नजर आहे.

९ मे
सापडली! एक नाही, बारा. पाय काळे कुळकुळीत. संध्याकाळी पबमध्ये जाहीर करून टाकलं. सिरिल ग्लास खाली ठेवून म्हणाला, अरे विल्फ, पाय तिन्ही जातींचे काळेच असतात. मग नाव तसं का ठेवलं, विचारलं. त्याने ग्लास पुन्हा उचलला. चाळीस वर्षांची मैत्री, पण दुसऱ्याचं भलं बघवत नाही माणसाला.

१० मे
मिस हॅडोंना फोन. मंडळाची नोंदवही त्यांच्याकडे असते. त्याही म्हणाल्या, पाय काळेच असतात हो. सिरिलने आधीच कान भरलेले दिसतात.

१६ मे
नवी पद्धत: पंखांचा रंग. चार फिकट माशा मिळाल्या. आयव्हीच्या जॅमच्या बरणीत ठेवल्यात.

१७ मे, सकाळी ७
चारही काळपट! कुणीतरी बदलल्या. आयव्हीला विचारलं, सिरिल येऊन गेला का? ती म्हणाली, सिरिल तीन दिवस बहिणीकडे आहे. आणि कोषातून नुकत्याच निघालेल्या माशा फिकट असतात, मग काळवंडतात, हे तूच मला हनीमूनला सांगितलं होतंस, दुसरं काही सांगितलं नव्हतंस. बायकोही त्याच्याच बाजूची.

२३ मे, शनिवार
दिवसभर गिरणीमागच्या ओढ्यावर. लख्ख ऊन. आठ माशा, आठही साध्या. मला बघताक्षणी कळतं. स्पिरिटच्या कुप्यांत टाकल्या. दमलो. चिठ्ठ्या उद्या.

२४ मे, रविवार
सकाळपासून धो धो पाऊस. चर्चलाही गेलो नाही. चहानंतर आठ चिठ्ठ्या पेन्सिलने लिहून कुप्यांत सोडल्या: कुठे पकडली, कधी पकडली, कुणी पकडली. ओळखणारा आपली चिठ्ठी वेगळी लावतो. चिठ्ठ्यांच्या बाबतीत आपलं काम चोख.

सिरिल छत्री घेऊन आला. आठही कुप्या त्याला देऊन टाकल्या. म्हटलं, ने बाबा, रद्दी आहे. तो म्हणाला, एकदा भिंगाखाली घालून बघतो. बघ.

संकल्प: आल्डर माशी बंद. जूनपासून चतुर.

५ जून
विश्वासघात!!

मंडळाची पत्रिका आली. १३ जूनच्या सभेत काळ्या पायांची आल्डर माशी, जिल्ह्यातली पहिली. गिरणीमागचा ओढा, २४ मे. ओळखली: सिरिल टॅटरसॉल.

माझा ओढा. वाट मीच दाखवली होती त्याला. माझी शिडी तीन वर्षं त्याच्याकडे पडून आहे, कधी तोंडाने मागितली नाही. जेवण गेलं नाही. आयव्ही म्हणाली, फोन करून विचार त्याला. मेलो तरी करणार नाही.

६ जून
सिरिलचा तीनदा फोन. आयव्हीला सांगितलं, मी घरात नाही म्हण. तिने त्याला सांगितलं, तो म्हणतोय की तो घरात नाही.

७ जून
मिस हॅडोंना पत्र. चार पानं. सिरिलचं नाव कुठेही घेतलं नाही, सभ्यपणा म्हणून. एवढंच लिहिलं की ही माशी ज्याने पकडली त्याला मी आयुष्यभर ओळखतो. साधी माशी कुठली आणि दुर्मीळ कुठली याचा त्याला गंध नाही. चिठ्ठ्या घरी बसून आठवतील तशा खरडतो. २४ मेला ओढ्यावर चिटपाखरू नव्हतं, सबंध दिवस पाऊस. तारीख धादांत खोटी. असल्या माणसाच्या शब्दावर नोंद घेऊ नये. साक्षीदार: माझी पत्नी.

आयव्ही म्हणाली, टाकण्याआधी मला वाचू दे. तोवर पाकीट चिकटवलं होतं.

१३ जून, शनिवार
सभा. सिरिलने फळा सजवला होता. वर मोठ्या अक्षरांत: शोधक, विल्फ्रेड गार्साइड. बाजूला माझा फोटो, जाळी घेतलेला. खाली अगदी बारीक: ओळखली, सि. टॅ. कोणता फोटो लावू, हे विचारायला फोन करत होता म्हणे. समोर कुपी. आत चिठ्ठी, अक्षर माझं.

मिस हॅडोंनी पत्र वाचून दाखवलं. चारही पानं. मी उठून म्हटलं, तारीख तेवीस होती, चोवीस चुकून पडली. त्या म्हणाल्या, मिस्टर गार्साइड, पकडणारा भरवशाचा नाही हे तुम्हीच लिहिलंय, आणि तुम्ही त्याला आयुष्यभर ओळखता. वहीतल्या ओळीवर रेघ मारली.

सिरिल उठला. फळ्यावरून फोटो काढला आणि माझ्या हातात दिला.

घरी येऊन ही रोजनिशी चाळली. तेवीसला ऊन. चोवीसला पाऊस. पत्रातलं एक अक्षरही खोटं नाही.

१४ जून
शिडी परत आली. कुंपणाला टेकवून ठेवली आहे. घंटी वाजली नाही.